रौप्यमहोत्सवाचं नाणं, पण त्यात रौप्य किती? ब्रिटनच्या १९७२च्या राजविवाह-नाण्याची पारख

पतपेढीला पंचवीस वर्षं झाली की सभासदांना डबा वाटतात. रौप्यमहोत्सव असतो, पण डबा स्टीलचा असतो. तो घरी आणून कुणी सराफाकडे नेत नाही. नाण्याच्या बाबतीत मात्र हे साधं शहाणपण सुटतं. राणी एलिझाबेथ दुसरी आणि प्रिन्स फिलिप यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ब्रिटनने १९७२ साली जे मोठं नाणं काढलं, त्याला तिकडे ‘सिल्व्हर वेडिंग क्राउन’ म्हणतात. नावातच चांदी. दिसायला पांढरं, हाताला जड, वर राणीचं चित्र. लंडनच्या आत्याने किंवा मामाने आणलेलं असं नाणं चांदीच्या निरांजनाशेजारी देव्हाऱ्यात ठेवलेलं मी दोन घरांत पाहिलंय. दोन्ही नाण्यांत चांदी औषधालाही नव्हती.

पण या नाण्याची खऱ्या चांदीचीही एक आवृत्ती आहे. चित्र तेच, व्यास तोच, आणि खरी गंमत म्हणजे वजनही तेच. त्यामुळे नुसता काटा लावून निकाल लागत नाही. तो घरच्या घरी कसा लावायचा, नाण्याचा हिशोब कसा करायचा आणि चांदीचं निघालं तर सांभाळायचं कसं, ते आता क्रमाने पाहू.

आधी नाणं तेच आहे ना, ते बघा

खिडकीजवळच्या उजेडात नाणं कडेला धरून बघा, सपाट भागावर बोटं टेकवू नका. एका बाजूला टिआरा घातलेली, उजवीकडे पाहणारी तरुण राणी आहे. हे चित्र शिल्पकार आर्नल्ड मेचिनचं. ब्रिटनच्या टपाल तिकिटांवर वर्षानुवर्षं दिसलेली राणीची मूर्तीही त्याचीच. भोवती राणीचं नाव आणि डी. जी. रेग. एफ. डी. अशी लॅटिन आद्याक्षरं आहेत. अर्थ असा, की देवाच्या कृपेने राणी, धर्माची रक्षक.

मागची बाजूही मेचिनचीच. पानाफुलांच्या वेलबुट्टीत ‘ई’ आणि ‘पी’ ही अक्षरं, वर मुकुट, आणि मधोमध प्रेमाचा देव इरॉस, अंगावर वस्त्र नसलेला. कडेने एलिझाबेथ आणि फिलिप ही नावं, २० नोव्हेंबर ही तारीख आणि १९४७-१९७२ ही वर्षं. बारीक कंगोऱ्यांची कड.

किंमत कुठेच लिहिलेली नाही. हे पाहून बरेच जण ‘हे नाणं नव्हे, पदक असणार’ असं ठरवून मोकळे होतात. तसं नाही. क्राउन म्हणजे जुने पाच शिलिंग, म्हणजे साठ पेनी. १५ फेब्रुवारी १९७१ला ब्रिटनने दशमान पद्धत घेतली आणि पौंडाचे शंभर पेन्स झाले. पाच शिलिंग म्हणजे पाव पौंड, म्हणून या नाण्याची किंमत पंचवीस पेन्स ठरली. तेव्हाच्या क्राउन नाण्यांवर हा आकडा घालायची पद्धतच नव्हती. पुढे १९९०पासून अशा नाण्यांची दर्शनी किंमत पाच पौंड झाली, पण आधीची नाणी पंचवीस पेन्सचीच राहिली.

राणीचं हे चित्र किंवा हा मजकूर नसेल, तर दोन शक्यता. एक म्हणजे त्या वर्षी खाजगी टाकसाळींनी पाडलेलं एखादं पदक. दुसरी म्हणजे दुसऱ्याच प्रदेशाचं नाणं. गर्न्सी, जर्सी, आइल ऑफ मॅन, जिब्राल्टर, बर्म्युडा या सगळ्यांनी त्याच निमित्ताने आपापली नाणी काढली होती. त्यांची धातू आणि वजनं वेगळी असू शकतात. खालचे आकडे त्यांना लावू नका.

इथे थोडं विषयांतर. ज्या लग्नाचं हे नाणं, ते आपल्या स्वातंत्र्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी झालं. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन त्यासाठी दिल्लीहून लंडनला गेले आणि तेवढे दिवस त्यांचं काम राजगोपालाचारींनी पाहिलं. गांधीजींनी आहेर पाठवला तो स्वतः कातलेल्या सुताच्या विणकामाचा, त्यावर ‘जय हिंद’ ही अक्षरं. हैदराबादच्या निजामाचा आहेर हिऱ्यांच्या हाराचा. वधूपित्याच्या, म्हणजे सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर तेव्हाही ‘इंड. इम्प.’, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट, हे बिरुद छापलं जात होतं. ते गेलं १९४९च्या नाण्यांपासून. आणि आपल्या विषयाला सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे त्याच १९४७ सालापासून ब्रिटनने चलनी नाण्यांमधली चांदी काढून टाकली. आधी १९२०पासून ती निम्म्यावर आलेलीच होती. १९४७ला तिची जागा तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूने, क्युप्रोनिकेलने, घेतली. म्हणजे हे लग्न आणि ब्रिटिश नाण्यातल्या चांदीचा शेवट एकाच वर्षातले. पंचवीस वर्षांनी लग्नाचं नाणं निघालं तेव्हा लोकांसाठी तेच क्युप्रोनिकेल वापरलं गेलं.

एक चित्र, तीन नाणी

पहिलं, सर्वसाधारण नाणं. क्युप्रोनिकेल, म्हणजे ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. अशी ७४,५२,१०० नाणी पाडली. लोकांनी दर्शनी किमतीत घेऊन आठवण म्हणून ठेवून दिली. खिशात फारशी फिरलीच नाहीत, म्हणून आज पन्नास वर्षांनीही बरीचशी कोरी दिसतात. आपल्याकडे बॅगांमधून आलेल्यांपैकी जवळजवळ सगळी हीच.

दुसरं, चांदीचं प्रूफ. ९२५ कसाची, म्हणजे स्टर्लिंग, चांदी. बाकीचे साडेसात टक्के तांबं. असे एक लाख नग निघाले आणि ते डबीतून विकले गेले.

तिसऱ्याने मात्र जाणकारांनाही गंडवलंय. त्या वर्षीच्या चलनी नाण्यांचा जो प्रूफ संच टाकसाळीने काढला, त्यात हा क्राउनही होता. प्रूफ, आरशासारखा चकचकीत, पण क्युप्रोनिकेलचाच. कुणीतरी संच फोडून ही नाणी सुटी विकतं आणि विकणारा प्रामाणिकपणे ‘प्रूफ आहे’ म्हणतो. खोटं बोलत नाही बिचारा. पण प्रूफ म्हणजे चांदी नव्हे. घासून लख्ख केलेल्या साच्यांनी, विशेष तयार केलेल्या चकतीवर काळजीने मारलेला ठसा म्हणजे प्रूफ. धातू कोणताही असू शकतो.

आपलंच उदाहरण घ्या. त्याच १९७२ साली भारताने स्वातंत्र्याच्या पंचविशीचं दहा रुपयांचं नाणं काढलं, संसद भवनापुढे झेंडा घेतलेल्या जोडप्याचं. ते साडेबावीस ग्रॅमचं आणि निम्म्या चांदीचं. म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम चांदी. रौप्यमहोत्सव दोघांचा, पण सामान्य माणसाच्या हातात चांदी पडली ती आपल्याकडे.

काटा, चुंबक आणि टणत्कार

क्युप्रोनिकेलचं असो वा चांदीचं, वजन २८.२८ ग्रॅम आणि व्यास ३८.६१ मिलिमीटर. ‘वजन बरोबर भरलं, म्हणजे चांदीचंच’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. पण वजन कराच, दुसऱ्या कारणासाठी. काटा २८.२ ते २८.३च्या आसपास दाखवत नसेल, तर एक तर काटा बिघडलाय किंवा नाणं नकली आहे. हे नाणं फिरून झिजलेलं सहसा नसतं, त्यामुळे ग्रॅमभर कमी भरलं तर झिजेची सबब चालवून घेऊ नका.

चुंबक दोन्हींना चिकटत नाही. निकेल आहे म्हणून चिकटेल असं वाटतं, पण एवढ्या तांब्यात मिसळल्यावर त्याचा तो गुण उरत नाही. चिकटलंच तर नाणं लोखंडी नक्कल आहे, विषय संपला.

नाणं फरशीवर टाकून आवाज ऐकायची आपल्याकडची जुनी सवय. जुन्या बंद्या रुपयाला ती चालत असेल, पण प्रूफ नाण्याची कड एकदा चेपली की त्याची नाण्याची किंमत गेली, उरला धातूचा भाव.

रंगावरून थोडा अंदाज येतो. क्युप्रोनिकेल शेजारी ठेवलं तर करडं आणि किंचित पिवळसर वाटतं, चांदी पांढरी. चांदी वर्षानुवर्षं डबीत राहिली की कडेने सोनेरी, मग तांबूस, जांभळी आणि शेवटी काळी छटा धरते. क्युप्रोनिकेल अशी छटा सहसा धरत नाही, ते फक्त मंद होतं. पण हा शेजारी ठेवून पाहण्याचा खेळ आहे, एकट्या नाण्यावर डोळ्यांनी पैज लावू नका. क्युप्रोनिकेल चांदीपेक्षा हलकं असल्यामुळे त्याच वजनासाठी नाणं जाड करावं लागतं. दोन्ही प्रकार हाताशी असतील तर कडेला कड लावून बघा, जाड आहे ते तांब्या-निकेलचं.

ही जाडीच आपली किल्ली. वजन सारखं पण जागा कमी-जास्त, म्हणजे प्रश्न घनतेचा. आणि घनता काढायला वाटीभर पाणी पुरतं.

पाण्याची परीक्षा

साहित्य साधं आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा (०.१ ग्रॅमवालाही निभावून नेतो), काचेचा लहान पेला, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, शिवणाचा सुती दोरा, लाकडी पट्टी आणि पुस्तकांचे दोन सारखे ढीग. नळाचं पाणी नको. बोअरचं तर नकोच, क्षारांचे पांढरे डाग प्रूफच्या आरशावर कायमचे बसतात.

नाणं मूळ डबीत, मूळ झाकणाखाली, कुणी न उघडलेलं असेल तर आधी थांबा. ते फोडायची खरंच गरज आहे का? बरोबरचं प्रमाणपत्र, कडेची जाडी आणि चांदीची छटा तिन्ही जुळत असतील तर मी तरी फोडणार नाही. सुटं नाणं असेल तर पुढे चला.

पहिल्यांदा कोरडं नाणं तोला आणि आकडा लिहून ठेवा. २८.२८च्या जवळ आला की काटाही ठीक आहे, हे कळतं.

पेला काट्यावर ठेवा, दोन तृतीयांश पाणी भरा आणि काटा शून्यावर आणा. पेल्याच्या दोन्ही बाजूंना, काट्याला न टेकता, पुस्तकांचे ढीग रचा आणि त्यांवर पट्टी आडवी ठेवा. दोऱ्याचा सैल फासा नाण्याच्या कडेवरून दोनदा आडवा-उभा घ्या, खाऊच्या पुड्याला बांधतात तसा. तंगूस वापरू नका, तो निसटतो आणि प्रूफवर ओरखडा उमटवतो. दोऱ्याचं दुसरं टोक पट्टीला बांधा आणि नाणं हळूच पाण्यात सोडा.

नाणं पूर्ण बुडालेलं हवं, पण पेल्याच्या तळाला किंवा भिंतीला टेकलेलं नको. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. नाणं तळाला टेकलं की काटा नाण्याचंच वजन दाखवायला लागतो आणि आकडा भलतीकडे उडी मारतो. नाणं अधांतरी असेल तर काटा दाखवतो ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंटिमीटर, म्हणजे तो आकडाच नाण्याचं आकारमान. आर्किमिडीजने राजाच्या मुकुटाचं केलं म्हणतात तेच हे, फक्त टबाऐवजी पेला.

नाण्याला चिकटलेले बुडबुडे नीट बघा. दोरा हलकेच हलवून ते सोडवा. बुडबुडा पाण्याची जागा अडवतो, आकडा फुगतो आणि अस्सल चांदीही खोटी ठरते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आकडा २.९ आला, ना इकडचा ना तिकडचा. रात्रभर चडफडलो. सकाळी पाहिलं तर इरॉसच्या पायाशी टपोरा बुडबुडा बसलेला.

आता निकाल. काटा २.७३च्या आसपास स्थिरावला तर चांदी. ३.१६च्या आसपास गेला तर क्युप्रोनिकेल. मधला फरक ०.४ ग्रॅमहून जास्त आहे, म्हणून ०.१चा काटाही चालतो. तिथे २.७ आणि ३.२ असं दिसेल. घनता हवी असेल तर कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. २८.२८ ला २.७३ने भागलं की १०.३६ येतं, ही स्टर्लिंग चांदीची घनता. ३.१६ने भागलं की ८.९५, ही तांब्या-निकेलची. चांदीचा मुलामा दिलेलं तांबंही इथे पकडलं जातं, कारण मुलामा वरवरचा आणि पाणी सगळ्या देहाचा हिशोब मागतं. तीनदा मोजा. तिन्ही आकडे ०.०५च्या आत जुळले तरच त्यांच्यावर विश्वास ठेवा.

नाणं बाहेर काढल्यावर पुसायचं नाही. मऊ टिपकागदावर कडेवर उभं धरा, पाणी ओघळू द्या, मग दोन्ही बाजूंना नुसता कागद टेकवून टिपा. घासलं की आरशावर केसाएवढ्या रेघा उमटतात. उजेडात तिरकं धरल्यावर त्या दिसतात आणि घेणारा पहिल्यांदा त्याच पाहतो.

सराफाकडे नेणार असाल तर

पुण्यात लक्ष्मी रोडला, मुंबईत झवेरी बाजारात, जळगावात आणि आता तालुक्याच्या गावीही बऱ्याच दुकानांत क्ष-किरणांवर चालणारं कस तपासायचं मशीन असतं. पाच मिनिटांचं काम, नाण्याला धक्का लागत नाही. चांदीच्या नाण्याला ९२-९३ टक्के चांदी आणि बाकी तांबं दिसेल, दुसऱ्याला तीन चतुर्थांश तांबं आणि पाव हिस्सा निकेल. जाताना एवढंच आधी सांगा, ‘दादा, कसोटीवर घासायचं नाही, आम्ल लावायचं नाही.’ सवयीने हात तिकडेच जातो.

मशीन फक्त पृष्ठभाग वाचतं, जाड मुलाम्याला फसू शकतं. पाणी आतल्या धातूचं सांगतं पण मिश्रण कशाचं ते सांगत नाही. दोन्ही निकाल जुळले तर शंकेला जागा उरत नाही. हॉलमार्क मात्र शोधू नका. तो शिक्का दागिने आणि भांड्यांवर असतो, सरकारी नाण्यावर नसतो. असलाच तर उलट संशय घ्या.

किती द्यायचे, किती मागायचे

चांदीच्या नाण्यातली शुद्ध चांदी म्हणजे २८.२८चे ९२.५ टक्के, २६.१६ ग्रॅम. हिशोबाच्या सोयीसाठी चांदीचा भाव किलोला एक लाख धरला, तर नुसत्या धातूचे २,६१६ रुपये. त्या दिवशीचा खरा भाव घालून तुम्ही करून बघा. सराफ मोडीत घेताना यातून काही कापेल, तो त्याचा धंदा आहे. संग्राहक मूळ डबी आणि नीट आरसा पाहून काही वर देईल. पण एक लाख नग म्हणजे दुर्मीळ नाही. ‘राणी गेली, आता भाव चढणार’ म्हणून दुप्पट-तिप्पट सांगणाऱ्याला नमस्कार करावा आणि निघावं.

क्युप्रोनिकेलचं नाणं स्वस्तच मिळायला हवं. पाऊण कोटी नाणी आहेत आणि बहुतेक कोरीच आहेत. सोन्याचा मुलामा दिलेलं दिसलं तर तो नंतर कुणीतरी दिलाय. त्याने नाण्याची किंमत वाढत नाही, संग्राहकाच्या नजरेत उतरते. बँकेत नेऊन बदलून मिळेल अशी आशाही नको. आपली बँक परदेशी नाणी घेत नाही आणि खुद्द ब्रिटनमध्येही अशी स्मृतिनाणी स्वीकारायचं बंधन दुकानांवर किंवा बँकांवर नाही.

ऑनलाइन घेताना नावातल्या ‘सिल्व्हर’ला भुलू नका, तो लग्नाचा आहे. वर्णनात ‘स्टर्लिंग सिल्व्हर प्रूफ’ किंवा ‘९२५’ असं स्पष्ट लिहिलंय का ते पाहा. नसेल तर विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा. धातू कोणता, आणि कडेचा जवळून काढलेला फोटो मिळेल का? दुसऱ्या प्रश्नावर जो गप्प बसतो, त्याच्याशी तिसरा बोलू नये. एका प्रदर्शनात ‘सर, प्रूफ आहे, चांदीचंच’ या एका वाक्यावर मी चांदीच्या भावाने संचातलं क्युप्रोनिकेल घेतलं होतं. चूक त्याची होती तशी माझीही, कारण पावतीवर धातू लिहून घेतला नाही. तेव्हापासून ‘९२५ चांदी, वजन २८.२८ ग्रॅम’ असं पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही. परदेशातून टपालाने मागवत असाल तर कस्टमचा आकार आणि टपालखर्च आधी धरा, एका नाण्यापायी तो बऱ्याचदा नाण्याहून जड होतो. येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून मागवणं बरं, त्यालाही नियम विचारून.

सांभाळताना

पाहुणे येणार म्हणून घरातली चांदी घासायला काढतात आणि त्या परातीत हे नाणंही पडतं. रांगोळी, चिंच, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, सराफाकडचं चांदी उजळायचं द्रावण, यांतलं काहीही लावलं की प्रूफ संपलं. काळपट छटा हा मळ नाही. हवेतल्या गंधकाने चांदीवर आलेला पातळ थर आहे, आणि संग्राहकाला तो घासलेल्या चकाकीपेक्षा जास्त आवडतो. घरच्यांना हे पटवणं पाण्याच्या परीक्षेहून अवघड. माझ्या डबीवर मोठ्या अक्षरांत ‘घासू नये’ अशी चिठ्ठी आहे.

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणं ठेवू नका. त्या प्लास्टिकला काही वर्षांत पाझर फुटतो आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. असा थर आलाच असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवून, न घासता, काढता येतो. नेलपॉलिश काढायचं द्रावण मात्र नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. ॲसिटोन पटकन पेटतं, तेव्हा गॅसपासून लांब, खिडकी उघडून, काचेच्या भांड्यात.

त्यानंतर नाण्याच्या मापाची कडक पारदर्शक कॅप्सूल घ्या. व्यास ३८.६१, म्हणून ३९ मिलिमीटरची बसते. नाणं आत खुळखुळायला नको. कॅप्सूल डबीत, डबीत सिलिका जेलची पुडी, आणि डबी कपाटात. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचं कापड, तिन्हींत गंधक असतं, तिन्ही दूर. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात सिलिकाची पुडी दर महिन्याला बदला किंवा वाळवून घ्या. देशावर दोनदा पुरते. डांबराच्या गोळ्या कपाटात असतील तर नाणं दुसरीकडे हलवा.

डबीत एक चिठ्ठी ठेवा. नाणं कुणी, कुठून, कधी आणलं, धातू कोणता, पाण्यातला आकडा किती, कुठल्या दिवशी मोजला. पुढच्या पिढीचा एक पेला आणि एक दोरा वाचेल.

यानंतर काय घ्यावं

याच जोडप्याची पुढची नाणी ओळीने आहेत. १९९७ला पन्नाशीचं, दर्शनी बाजूला दोघांचे चेहरे एकामागे एक. २००७ला साठीचं, वेस्टमिन्स्टर ॲबीच्या गोल रंगीत खिडकीच्या नक्षीचं. लग्न त्याच चर्चमध्ये झालं होतं. २०१७ला सत्तरीचं, दोघं घोड्यावर. सगळी पाच पौंडांची आणि सगळ्यांच्या बाबतीत तीच गोम, स्वस्त क्युप्रोनिकेल आणि महाग चांदी, दोन्ही २८.२८ ग्रॅमची. पाण्याचे आकडे पुन्हा तेच वापरा. ५६.५६ ग्रॅमचं दुप्पट जाड नाणं हाती आलं तर दचकू नका, त्याला पीडफोर्ट म्हणतात. तिथे चांदीसाठी काट्यावर ५.४६ दिसायला हवा.

मला स्वतःला याहून जुनी युरोपी नाणी जास्त आवडतात, कारण तिथे नावाप्रमाणे चांदी खरोखर आहे. डेन्मार्कने १८९२ला नववा ख्रिश्चन आणि राणी लुईस यांच्या लग्नाच्या पन्नाशीचं दोन क्रोनरचं नाणं काढलं, पंधरा ग्रॅमचं, ८०० कसाचं. स्वीडनचं १९०७चं, दुसरा ऑस्कर आणि सोफिया यांच्या पन्नाशीचं, तेही पंधरा ग्रॅम आणि ८०० कसाचं. लग्नाचा वाढदिवस जूनमध्ये झाला आणि डिसेंबरात ऑस्कर वारला. जर्मन संस्थानांची ९०० कसाची. बाडेनचं १९०६चं पाच मार्क हे २७.७७ ग्रॅमचं. वुर्टेम्बर्गचं १९११चं तीन मार्क, दुसरा विल्हेल्म आणि शार्लोट यांच्या पंचविशीचं, भिंग घेऊन बघावं. शार्लोटच्या नावातल्या रोमन ‘एच’ अक्षराची आडवी दांडी काही नाण्यांवर नेहमीपेक्षा वर आहे. त्या दांडीच्या उंचीवर किमतीचं सगळं गणित फिरतं, म्हणून दांडी खोडून वर कोरलेली नाणीही पाहायला मिळतात.

आणि एक नाव लक्षात ठेवा. बव्हेरियाचं १९१८चं तीन मार्क, तिसरा लुडविग आणि राणी मारिया थेरेसिया यांच्या लग्नाच्या पन्नाशीचं. महायुद्धाचं शेवटचं वर्ष, नोव्हेंबरात राजाच गादीवरून गेला. अवघी १३० नाणी पाडली गेली. नकला मात्र मोजता येणार नाहीत इतक्या. ते नाणं कुणी तुम्हाला ‘ओळखीत, कमी भावात’ देऊ लागला, तर पाण्याचा पेला काढायचीही गरज नाही.